एका रातीचा रस्ता

यादोरावांच्या लेकीची, हर्षाची मुलगी पाय टाकायला लागली, त्या वर्षी ऐन धानाच्या रोवणीत त्यांची बायको रुखमिणी गेली. दिवेलागणीची वेळ होती. मुलगा मंगेश शिकागोत. फोनवर रडत म्हणाला, "बाबा, संध्याकाळच्या विमानानं निघतो."

यादोरावांनी ओसरीवर येऊन सांगितलं, "निघाला पोरगा. सकाळी येते. तवरी थांबू."

अड्याळच्या त्या आळीत कोणाला नवल वाटलं नाही. मंगेश पहिल्यांदा गेला तेव्हा मध्यरात्रीनंतर दिल्लीहून उडाला आणि तिकडे उजाडताना उतरला. तेव्हापासून यादोराव पानठेल्यावर सांगत, "अमेरिका म्हंजे एका रातीचा रस्ता. झोपलं का आलं." तिकडची घड्याळं मागं असतात, हे पोरानं समजावलं होतं. यादोरावांनी हो-हो म्हणून सोडून दिलं होतं.

प्रेत उठेपर्यंत आळीत चूल पेटत नाही, कोणी धानाच्या बांधीत उतरत नाही. रोवायला उपटलेले पऱ्हे, धानाची रोपं, धुऱ्यावर सुकत पडले. रुखमिणीजवळ पवनीहून आणलेला बर्फ ठेवला होता, त्याचं पाणी ओसरीपर्यंत आलं.

सकाळी हर्षानं बापाला मागच्या खोलीत नेलं. "बाबा, तिथली संध्याकाळ म्हंजे आपली पहाट. दादा आत्ता कुठं उडाला. पंधरा तास तर विमानातच जातीन. रात्री दिल्लीले उतरन, घरी उद्या दुपारी पोचन."

यादोरावांचे कान तापले. "लोकायले सांगू नको."

"काहून?"

ते ओसरीवर आले. "विमान लेट झालं म्हनते."

"ढग असन वरतं," शेजारचा खुशाल म्हणाला. त्यानं खरं मानलं, तेच यादोरावांना टोचलं.

दुपार कलली. कोणाचं तरी लेकरू भाकरीसाठी रडलं, आईनं त्याला पदराखाली दाबलं. समोरच्या घरची म्हातारी देवकाबाई कालपासून घोटभर चहाही न घेता भिंतीला टेकली होती. ती म्हणाली, "कारे यादो, तुयं विमान बैलबंडीले जुपलं का? रुखमीनं जिवंतपणी तुयी पानठेल्यावरून याची वाट पाह्यली, आता मेल्यावरबी पाह्यते बापा."

खुशालला हसू आलं, त्यानं तोंड फिरवलं.

यादोराव उभे राहिले. "लेट नाही झालं. मंगेश उद्या येते. मले सकाळीच समजलं होतं. मी खोटं बोललो."

कोणी शिवी दिली असती तर बरं झालं असतं. खुशाल उठला आणि तिरडीचे बांबू बांधायला लागला.

"आगीचं मडकं मी धरते," हर्षा म्हणाली. यादोरावांनी हो म्हणून मान हलवली. घाटाकडे जाताना ते सगळ्यांच्या मागं चालले.

रविवारी दुपारी मंगेश आला, दारातच थबकला. "थांबले काहून नाही बाबा?"

"थांबलो होतो रे. साऱ्या आळीले उपाशी ठेवून थांबलो होतो." एवढं बोलून त्यांनी जी मान खाली घातली, ती पोराकडे बघायलाही वर आली नाही.

रुखमिणी यादोराव लांजेवार शुक्रवारी, बारा जुलै दोन हजार चोवीसला, संध्याकाळी वारली.