तीस फुटी गाडी कोण चालवणार

गुरुनाथने एक्सेल उघडलं की मला कळतं, आता दुपार गेली. एप्रिलचा रविवार, बाहेर मिनेसोटातल्या आमच्या ईडन प्रेरीत अजून कडेकडेला मळका बर्फ, आणि आमच्या डायनिंग टेबलवर जुलैच्या ट्रिपचं प्लॅनिंग. दोन कुटुंबं, आमचं आणि गुरुनाथचं, भाड्याची एक तीस फुटी आरव्ही, म्हणजे चाकांवरचं घरच, उत्तरेकडच्या स्टेट पार्कात अगदी तळ्याकाठची जागा, तीन दिवस. बुकिंग उघडलं त्या सकाळी गुरुनाथ तीन लॅपटॉप लावून बसला आणि तत्काळचं तिकीट काढावं तशी त्याने ती जागा पटकावली. त्याबद्दल मानलं त्याला.

शीटमध्ये सगळं होतं. रूट, पाणी, डासांचा स्प्रे. माझ्या नावापुढे 'मेनू'. त्याच्या बायकोच्या, शोभाच्या नावापुढेही 'मेनू'. वा रे वा! आणि 'ड्रायव्हर' या रकान्यात काहीच नव्हतं.

"शैलेंद्र, तू चालवतोयस ना?" गुरुनाथने माझ्या नवऱ्याला विचारलं.

"मी? अरे, मला वाटलं तूच."

झालं! दोन महिने प्लॅनिंग, आणि दोघेही एकमेकांच्या भरवशावर. मग गुरुनाथने यूट्यूबवर आरव्ही रिव्हर्स कशी घ्यायची त्याचा व्हिडिओ लावला. त्यातल्या माणसाने मागची शिडी झाडाला ठोकली. आमची जागा दोन पाइनच्या मधोमध होती. रिव्हर्सच घ्यावी लागणार, आणि मागे तळं.

"पोरं असणार यार गाडीत," गुरुनाथ म्हणाला. "आरव्ही कॅन्सल करू. कुठेतरी हॉटेल बघू."

मी शैलेंद्रकडे बघितलं. तो टेबलक्लॉथवरची फुलं बघत होता.

आता खरं सांगते. मी स्कूल बस चालवते. चाळीस फुटी, पिवळी, सत्तर पोरांची. अकरा हिवाळे झाले. डेपोत रोज दोन बसच्या मधे रिव्हर्स लावते, आणि ठोकणं सोडा, आजवर साधा ओरखडा नाही. एच-फोरवर, म्हणजे नवऱ्याच्या जिवावरच्या व्हिसावर, सात वर्षं घरी बसल्यावर वर्क परमिट आलं आणि मी हे काम हौसेने घेतलं. पण त्या वर्षी गणपतीत कोणीतरी विचारलं, तर शैलेंद्र म्हणाला, "ती स्कूल डिस्ट्रिक्टमध्ये ट्रान्सपोर्टेशन बघते." लोकांना वाटलं ऑफिसमध्ये. चारचौघांत नवऱ्याला कशाला खोटं पाडा, म्हणून मी गप्प बसले. तिथेच चुकलं माझं. गुरुनाथ-शोभा राहतात दुसऱ्या गावात, त्यांची पोरं वेगळ्या शाळेत. त्यांना कळणार तरी कसं?

मी तोंड उघडलं असतं तर एका वाक्यात काम झालं असतं. पण मला ते त्याच्या तोंडून हवं होतं. नाहीतर ट्रिप गेली खड्ड्यात.

"गाडीचं बुकिंग तुझ्या नावावर आहे, तूच फोन कर," गुरुनाथ म्हणाला.

शैलेंद्रने आरव्हीवाल्यांना फोन लावून स्पीकरवर टाकला. पलीकडची बाई मोठी गोड होती. कॅन्सल का करताय, म्हणाली. कोणाला चालवायची सवय नाही, शैलेंद्रने सांगितलं. तुमच्यापैकी कोणीच मोठी गाडी चालवत नाही का, तिने सहज विचारलं.

मी हाताची घडी घातली आणि त्याच्याकडे बघत राहिले. शोभा उगाच चहाचे कप गोळा करायला लागली. "राहू दे गं, बस," मी म्हणाले. शैलेंद्रचा कान लाल झाला होता.

"माय वाइफ," तो शेवटी म्हणाला. "शी ड्राइव्ज अ स्कूल बस."

"ओह! देन व्हाय आर यू कॉलिंग मी?" बाई खळखळून हसली.

गुरुनाथही हसला. "काय चेष्टा करतोस यार! पटकन कॅन्सल कर आणि ठेव."

बघा! सुटायला वाट मिळाली होती शैलेंद्रला. नुसतं हसला असता तरी चाललं असतं. मी म्हणाले, "शैलेंद्र, आता हेच मराठीत सांग. यांना."

त्याने माझ्याकडे बघितलं. मग गुरुनाथकडे वळला.

"चेष्टा नाही करत. सुलेखा स्कूल बस चालवते. अकरा वर्षं झाली. मला लाज वाटायची, म्हणून तुम्हाला कधी सांगितलं नाही."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि त्या पाण्याचाच मला भयंकर राग आला.

"आणि आता?" मी विचारलं.

"अजून थोडी वाटते."

निदान खरं तरी बोलला. "वाटू दे," मी म्हणाले. "पण पुढे माझ्या शेजारी बसायचं, आणि मी गाडी मागे घेताना ओरडायचं नाही."

"अगं सुलेखा," शोभा म्हणाली, "सत्तर पोरं?" तिच्या हातात कप तसेच राहिले होते.

"हॅलो?" फोनमधून बाईचा आवाज आला. कॅन्सल करायचं नसेल तर ड्रायव्हरचं नाव सांगा, ती म्हणत होती. मी फोनकडे हात केला, पण शैलेंद्रने तो आपल्याकडे ओढला आणि माझ्या नावाचं एकेक अक्षर मोठ्याने सांगायला लागला.