चुलीजवळचं गिरमिट

"लोकायच्या डोक्यात घालाचं हत्यार माह्या चुलीजवळ कायले ठेवता जी?" कुसुमबाई पुटपुटली. ते हत्यार म्हणजे मी.

मित्रांनो, मी एक जुनं गिरमिट आहे. लाकडासाठीचं नव्हे, कवटीसाठीचं. मेंदूतली गाठ काढायची तर आधी हाडाला भोकं पाडावी लागतात. डॉक्टर माझी मूठ गरगर फिरवत आणि मी हाड कोरत आत जाई. वर्ध्याच्या एका दवाखान्यात मी बाहत्तर साली आलो.

माझं पातं बोथट झालं की हात जास्त दाबावा लागे, आणि दाबताना ते आत घसरलं तर माणूस गेलाच. नवं पातं मुंबईहून यायला सहा महिने. म्हणून ऑपरेशन थिएटरच्या सुमित्राबाई सिस्टर मला फडक्यात गुंडाळून रामाजी सुतारांकडे आणत. रामाजी चुलीजवळच्या दगडावर मला धार लावत, अंगठ्याने ती चाचपत आणि नुसतं "हं" म्हणत. तेवढं कौतुक माझं दवाखान्यात कधी झालं नाही. खांडेनवमीला ते मला रंधा-करवतीच्या रांगेत मांडत. कुसुमबाई, म्हणजे त्यांची बायको, खुशालची आई, सगळ्यांना बोटाने कुंकू लावी. माझ्यावर मात्र लांबूनच शिंपडी.

अठ्ठ्याहत्तर साली रामाजींचं डोकं दुखू लागलं. उजव्या हातातून पटाशी गळू लागली. तपासणीत मेंदूत गाठ दिसली.

ऑपरेशनच्या आदल्या दुपारी मला धार त्यांनीच लावली, डाव्या हाताने सावरत. कुसुमबाई शेजारी बसून होती. त्या दिवशी ती चुलीबद्दल काही बोलली नाही.

इतका अलगद मी कुणाच्याच डोक्यात गेलो नव्हतो. चार भोकं पडली, हाडाचं झाकण निघालं. पुढे माझं काम नसतं. ट्रेमध्ये पडून मी बघत होतो. गाठ फार खोल होती. डॉक्टरांनी कडेचा एक तुकडा घेतला, हात थांबवला आणि झाकण परत बसवलं.

कुसुमबाईला बाजूला घेऊन त्यांनी खरं काय ते सांगितलं. रामाजींना मात्र सगळे एकच सांगत, की ऑपरेशन झालं, हळूहळू पकड येईल. मला तोंड असतं तर मीही तेच म्हणालो असतो.

मित्रांनो, हत्यार वापरलं की पुसून ठेवत जा. आणि त्याला धार कुणी लावली, त्या माणसाचीही कधी विचारपूस करा. आम्हाला ते जमत नाही.

त्या खांडेनवमीला सुमित्राबाई मला घेऊन आल्या. कुसुमबाईने पहिल्यांदाच माझ्या पात्याला बोट टेकवून कुंकू लावलं. मग रामाजींनी मला धारेच्या दगडावर धरलं. मी त्यांच्या मुठीतून निसटलो आणि घरंगळत चुलीपाशी गेलो. दिवाळीपर्यंत येईल पकड, असं सुमित्राबाई भिंतीकडे बघत म्हणाल्या. कुसुमबाई मला उचलायला वाकली, ती वाकलेलीच राहिली.

रामाजींनी डाव्या हाताने तिचं मनगट धरलं आणि माझ्यासकट दगडावर आणलं.

"असं तिरपं धरजो, खुशालची माय," ते म्हणाले. "गाठ नाई निघाली माही. धार लावनं तू शिकून घे."