कोमट पाण्यातली अंडी

"जिवंत आहेत की मेलीत, एवढंच सांगा," मालक अंधाऱ्या खोलीच्या दारातून म्हणाले. "तासाभरात. नाहीतर सगळी खड्ड्यात."

सकाळी चार तास वीज नव्हती आणि जनरेटरनंही ऐन वेळी मान टाकली होती. उबवणी यंत्रातली अठरा दिवसांची अंडी गार पडली होती. आज ती शेवटच्या, पिल्लं बाहेर पडायच्या पेटीत जायची होती. मेलेली गेली तर सडून फुटणार आणि पेटी नासवणार; जिवंत फेकली तर आणखी वाईट. निकाल द्यायचा दिवेवालीनं. बावीस वर्षं ती अंडं दिव्यासमोर धरून आतला जीव ओळखत होती. तिचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

फक्त गेले सहा महिने तिला त्या दिव्यात धुक्याशिवाय काही दिसत नव्हतं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. कळलं तर ट्रे धुवायला बसवतील, म्हणून तिनं तोंडाला कुलूप लावलं होतं. अंडं दिव्यासमोर धरल्याचं नाटक करायचं आणि हळूच गालाला लावायचं. या वयाचं जिवंत अंडं आपली ऊब आपण धरतं, मेलेलं गार लागतं. चाललं होतं कसंबसं. मागच्या आठवड्यात मात्र तिनं फेकलेल्या अंड्यांच्या बादलीतून दुसऱ्या दिवशी चिवचिव ऐकू आली. तिनं धावत जाऊन हात घातला, तोवर ती थांबली होती. तेव्हापासून तिला घास गोड लागत नव्हता.

आज गालाचाही उपयोग नव्हता. सगळीच गार.

शेजारी नवी सुपरवायझर वही घेऊन उभी होती. "मावशी, कॉलेजात घोकून घेतलं होतं आमच्याकडून. सजीव श्वास घेतो, खातो, वाढतो, हलतो, धक्का लागला की दाद देतो. यातलं या कवचाबाहेरून कसं बघायचं हो?"

"आमच्या ह्यांच्यात यातली दोनच होती. खाणं आणि वाढणं," दिवेवाली म्हणाली. पोरगी हसली. ती स्वतः हसली नाही.

तिनं एक अंडं उचललं. धुकं. दुसरं. धुकं. अंदाजानं 'जिवंत' म्हणावं, तर पेटी नासेल. 'मेली' म्हणावं, तर ती बादली.

"वीस मिनिटं राहिली," बाहेरून आवाज आला.

एक उपाय होता, सासूनं दाखवलेला. पण त्याला डोळे लागत.

"टबात कोमट पाणी आण," ती म्हणाली. "आणि बघायचं तू. मला दिसत नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे दिसत नाही. सहा महिने झाले. वहीत नंतर लिही, आधी पाणी आण."

मालक केव्हा आत आले, तिला कळलं नाही. पाणी स्थिर झालं. तिनं प्रत्येक ट्रेमधलं एकेक अंडं अलगद पाण्यात सोडलं.

"टबाला हात लावू नकोस. आतलं पिल्लू हललं की अंडं डुलतं. हलतंय का?"

"नाही."

तिनं डोळे मिटून घेतले. मिटले काय, उघडे काय.

"मावशी... एक डुललं. आपणहून! पाण्यावर वलय उठलं. ते पण! अहो, सगळी डुलतायत, दोन सोडून!"

"बाहेर काढ पटकन, पुसून घे. आणि उरलेली सगळी अशीच तपास."

मालकांनी डुललेली अंडी पेटीत भरायला सांगितली. मग घसा खाकरून म्हणाले, "बाई, उद्यापासून तुम्ही ट्रे धुवा. डोळ्यांचं बघा काहीतरी."

"हो," ती म्हणाली. दिव्यासमोरच्या स्टुलावरची आपली उशी तिनं काढली नाही. "राहू दे तुला," ती पोरीला म्हणाली, "तिच्याशिवाय कंबर धरते."

तिसऱ्या दिवशी दुपारी ती मोरीत ट्रे घासत होती. कडेला चिकटलेली टरफलं बोटांनी चाचपून काढत होती. भिंतीपलीकडच्या पेटीतून बारीक चिवचिव ऐकू आली. तिचा हात आधी बादलीकडे गेला. बादली रिकामी होती.

तिनं नळ बंद केला आणि ऐकत राहिली.