पाच नळ्यांची गाडी

आत्याच्या गाडीचं बॉनेट उघडलं की बघणारा आधी दोन पावलं मागे सरायचा. इंजिन कुठे आहे तेच दिसायचं नाही. दिसायच्या त्या नुसत्या नळ्या: काळ्या, रबरी, करंगळीहून बारीक, मांजराने खेळून टाकलेल्या लोकरीसारख्या एकमेकींत गुरफटलेल्या. जुन्या टर्बोवाल्या गाड्या बनवणाऱ्यांना नळ्यांची हौसच भारी. इंजिन हवा आत ओढतं, तर त्या ओढीवर ही झडप उघडा, ती मिटा, असली सगळी कामं त्यांनी नळ्यांवर सोपवलेली. त्यात भर आत्याची. नळी तडकली की ती जोड द्यायची, जोड गळला की ठिगळ, आणि शेजारी खबरदारी म्हणून आणखी एक नळी. कुणी विचारलंच तर म्हणायची, "असू दे, काही खायला मागत नाही ती."

एवढं करून चढ आला की गाडी खोकायची आणि मान टाकायची. दुनियेच्या गाड्या आत्याच्या हाताने बऱ्या व्हायच्या आणि घरची गाडी कायम आजारी. दिव्याखाली अंधार, दुसरं काय!

गॅरेज आत्याचं आणि हाताखाली तिची भाची, बारकी. बारकीची तिशी उलटली होती, गिअरबॉक्स ती एकटीने उचलायची, पण लहानपणी चिकटलेलं नाव निघतंय कुठलं! पाना कसा धरायचा इथपासून बोल्ट किती आवळला की तो "पुरे" म्हणतो इथपर्यंत, सगळं तिला आत्याने शिकवलं होतं.

गेल्या वर्षी आत्याच्या नजरेचा मधला भागच गेला. कडेकडेचं दिसायचं, समोर मात्र धुकं. डॉक्टर म्हणाले, आहे ते टिकेल, गेलेलं परत येणार नाही. तरीही ती काम करत राहिली आणि एकदा गिऱ्हाइकाच्या गाडीची नळी भलत्याच तोंडाला बसवून बसली. गाडी भर चौकात बंद पडली. कुणाला काही लागलं नाही, गिऱ्हाइकानेही हसून सोडून दिलं. आत्याने मात्र त्याच दिवशी आपले पाने पुसून कपाटात ठेवले.

"डोळे गेले, आता हात कशाला लुडबुडायला?" असं म्हणून ती दाराशी स्टुलावर जाऊन बसली. त्यानंतर तिने एका स्क्रूलाही हात लावला नाही. आणि आता तर तिने जाहीरच केलं होतं, की सोमवारी भंगारवाला गाडी न्यायला येणार आणि त्यानंतर आपण गॅरेजमध्ये पाऊल टाकणार नाही.

"घरी बसून काय करणार ही? माझ्या चहात चुका काढणार," आतोबा म्हणाले. ते हसले, पण बारकीला ते हसू काही खरं वाटलं नाही.

तिचा स्वतःचाही जीव कासावीस झाला होता. आत्याशिवाय गॅरेज ही कल्पनाच तिला करवत नव्हती. शिवाय दाराशी बसलेली आत्या दिवसेंदिवस लहान होत चालली होती, ते तिला बघवत नव्हतं. ही गाडी एकदा चढ चढली, तर कदाचित आत्याचं मन फिरेल, एवढाच तिचा विचार. त्याला शेंडा ना बुडखा. पण दुसरं काही सुचेना.

"आत्या, भंगारवाला सोमवारी ना? मग रविवार माझा. या नळ्या कमी करते आणि गाडी टेकडीवर नेते. तू शेजारी बसायचं."

"मेल्यावर औषध कशाला, बाई?"

"बसशील की नाही ते सांग."

"बसते. फुकट बसायला मला काय जातंय?"

रविवारी सकाळी बारकीने एकेक नळी हाताने माग काढत सोडवायला घेतली. बऱ्याचशा नळ्या धूर कमी करणाऱ्या डब्याकडे जात होत्या आणि तो डबा कधीचाच मेलेला होता. दोन नळ्या आतून दगडासारख्या कडक. आणि एक महाभाग नळी तर इंजिनात हवा नेणाऱ्या इनटेकच्या एका तोंडातून निघून, सगळ्या इंजिनाला प्रदक्षिणा घालून, त्याच इनटेकच्या दुसऱ्या तोंडात शिरत होती.

"आत्या, ही कशासाठी गं?" बारकीने ती नळी तिच्या हातात दिली.

आत्याने ती दोन्ही टोकांपर्यंत चाचपली. "ही... ही कशाला लावली असेल मी?" आणि ती खुदकन हसली. कित्येक महिन्यांत बारकीने ते हसू ऐकलं नव्हतं.

दुपारपर्यंत पाचच नळ्या उरल्या. एक ब्रेकला जोर देणाऱ्या बूस्टरची, एक पेट्रोलचा दाब सांभाळणारी, दोन टर्बोच्या झडपांच्या आणि एक टाकीतली वाफ ओढणारी. सगळ्या नव्या, आखूड, सरळ. इनटेकवर जी तोंडं रिकामी राहिली त्यांवर बारकीने रबरी टोप्या दाबून बसवल्या. चावी फिरवली, तर इंजिन असं एका सुरात चालायला लागलं की आतोबा कप हातात धरून बाहेर आले.

"कुणाची गाडी आली?" त्यांनी विचारलं.

टेकडीचा रस्ता गावाच्या कडेनेच वर जात होता. सपाटीवर गाडी लोण्यासारखी चालली. चढ लागला, बारकीने एक्सिलेटर दाबला, टर्बोची शिट्टी चढली, पाठ सीटला टेकली. बारकी ओरडणारच होती, एवढ्यात पुढे कुठेतरी 'फट्' झालं आणि गाडीतला जीवच गेला. कशीबशी तिने ती कडेला घेतली. इंजिन बंद पडत नव्हतं, पण खालीवर गचके देत होतं आणि कुठूनतरी सापासारखा फूत्कार येत होता.

बॉनेट उघडून बारकी वाकली. पाची नळ्या जागच्या जागी. तिने इकडून पाहिलं, तिकडून पाहिलं; ऊन डोळ्यांवर येत होतं आणि फूत्कार तर सगळीकडूनच ऐकू यायचा. तिचे डोळे भरून आले. आपणच हट्ट केला आणि आपणच आत्याला रस्त्यात आणून बसवलं, पुन्हा एकदा बंद पडलेल्या गाडीत.

"सरक," मागून आत्याचा आवाज आला.

"आत्या, तापलंय सगळं."

"तापलेलं कुठे आणि गार कुठे हे मला सांगतेस? पंख्यापासून लांब राहते. सरक."

आत्याचा हात सवयीने डावीकडे गेला, जिथे इतकी वर्षं जुन्या नळ्यांचा गुंता होता. तिथे काहीच नव्हतं. हात हवेत थांबला. डोळे नसताना हिला ओळखीचं असं हे एकच इंजिन उरलं होतं, आणि त्याची ओळखही मी पुसून टाकली, असं बारकीच्या मनात आलं.

पण आत्याने हात मागे घेतला नाही. तो इनटेकवर उतरला आणि तिथून चालायला लागला. "ही ब्रेकची," ती पुटपुटली. "ही पेट्रोलची. या दोन टर्बोच्या. ही वाफेची. संपल्या?" मग बोटं इनटेकच्या मागच्या अंगाला, खालच्या बाजूला गेली, जिथे कुणाचीच नजर पोचली नसती. फूत्कार एकदम थांबला. इंजिन शहाण्यासारखं एका सुरात चालू लागलं.

"माझं बोट ओढून धरलंय बघ त्याने," आत्या म्हणाली. "टोपी उडालीय इथली. क्लिप लावली होतीस?"

"नाही. म्हटलं, इंजिन आत ओढतं, तर टोपी आपोआप घट्ट राहील."

"उभं असताना ओढतं गं. चढावर टर्बो आत हवा फुंकायला लागला की तीच हवा टोपीला बाहेर ढकलते. तू ओढीचा विचार केलास, रेट्याचा केला नाहीस." ती रागावली नव्हती. तिचा आवाज चक्क पूर्वीसारखा होता, शिकवतानाचा. "नळीचा तुकडा दे, त्यात बसेल असा बोल्ट आणि दोन क्लिपा. इंजिन बंद कर. आणि स्क्रू-ड्रायव्हर माझ्या हातात दे."

बारकीने डिकीतल्या पेटीतून सगळं काढून दिलं. आत्याने एका टोकाला बोल्ट घुसवून तुकडा तोंडावर बसवला, क्लिप सरकवली, आवळली. मग आणखी क्लिपा मागून घेतल्या आणि न सांगता बाकीच्या टोप्यांनाही लावल्या. एकदाही तिने मान खाली वाकवली नाही. तिचा चेहरा समोरच्या उतारावर होता आणि बोटं आपलं काम करत होती.

"जुन्या नळ्यांच्या जंगलात मला हे संध्याकाळपर्यंत सापडलं नसतं," हात पुसत ती म्हणाली. "डोळे असते तरी."

वरचा चढ गाडीने एका दमात घेतला. खोकली नाही, अडली नाही. माथ्यावर बारकीने गाडी थांबवली. आत्याने खिडकीची काच खाली केली आणि बराच वेळ नुसतं इंजिन ऐकत राहिली. तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ते तिने पुसलंही नाही.

"बारके," शेवटी ती म्हणाली, "उद्या मी किती वाजता येऊ?"

"मला काय विचारतेस? मालकीण तू आहेस."

"मालकीण म्हणून नाही विचारत," आत्या म्हणाली. "कामाला यायचंय."