गच्चीवरचा लहरींचा खांब

गच्चीवर पाय ठेवायला जागा नव्हती. सगळी गल्ली एका गंजक्या खांबाकडे टक लावून उभी होती, आणि खांब नेहमीसारखाच काही न करता उभा होता. त्याच्या बुडाशी तरंगनाथ महाराज बसले होते. पुढ्यात कुंकू लावलेली लिंबं, तीर्थाचा तांब्या आणि एक पांढरा बल्ब.

त्यांना तळमजल्यावरच्या ज्ञानूनं मोहोळहून आणलं होतं. घरमालकीण सुंदरम्मांना चक्कर यायची, आणि महाराजांनी नुसत्या फोनवरून निदान केलं होतं: वरच्या भाडेकरू पोरीच्या रेडिओच्या लहरी. फोनच्या लहरींबद्दल त्यांची तक्रार नव्हती.

ती पोरगी धम्मप्रिया. रीतसर परीक्षा देऊन, सरकारी परवाना काढून ती रेडिओवरून जगभरच्या हौशी मंडळींशी बोलायची. म्हणजे, बोलायचा प्रयत्न करायची. एकदा एक जपानी सापडला, तेवढ्यात खाली शेंगाचटणीसाठी मिक्सर लागला आणि जपानी खरखरीत बुडाला. शेजारी विचारत, यावर जुनी गाणी लागतात का? नाही. दुबईच्या भावाला फोन लागतो का? नाही. मग कशाला हे?

महाराजांनी सुंदरम्मांच्या हातावर तीर्थ ओतलं आणि तळहातावर बल्ब उभा केला. वायर नाही, होल्डर नाही, तरी बल्ब लख्ख पेटला. गच्ची शहारली.

“अमेरिकेच्या लहरी आहेत या,” महाराज म्हणाले. “तिकडं रात्र झाली की मोकळ्या सुटतात. पहिलं घर लागतं ते तुमचंच.”

अमेरिका आणि सोलापूर यांच्यामधे दुसरं घरच कसं नाही, हे कोणाला खटकलं नाही.

उपाय सोपा होता. खांब उपटायचा, आणि रक्तदाबाच्या गोळ्या बंद, कारण गोळीला लहर चिकटते.

धम्मप्रियाला वैताग आला तो वेगळ्याच कारणानं. खांब तिचा नव्हताच. आधीच्या भाडेकरूच्या टीव्हीचा तो, कशालाही न जोडलेला. तिची अँटेना म्हणजे गच्चीच्या दोन टोकांना ताणलेली साधी तार, जिच्यावर सुंदरम्मा रोज चादरी वाळत घालायच्या. अम्मा, ही दोरी नाही, असं तिनं कितीदा सांगितलं. मग इतकी घट्ट कशाला बांधलीस, असं म्हणत त्या आणखी एक चादर टाकायच्या. चादरी निघेपर्यंत धम्मप्रियाचं जग बंद.

गप्प बसली तर खांब जाणार होता, तार वाचणार होती. तोंड उघडलं तर तार सगळ्यांना कळणार होती. तेवढ्यात सुंदरम्मांनी कनवटीचं गोळ्यांचं पाकीट काढून ज्ञानूकडे टाकायला दिलं.

“अम्मा, गोळ्या ठेवा,” ती पुढं झाली. “महाराज, बल्ब बघू.”

बल्बांशी तिचं जुनं वैर होतं. रेडिओत खरखर घालणारे गल्लीतले सगळे बल्ब तिनं हुडकून काढले होते. हा तर लाईट गेल्यावर चालणारा, बाजारात कुठंही मिळणारा चार्जिंगचा बल्ब. पोटात बॅटरी. बुडावरच्या दोन्ही ठिपक्यांना ओला हात लागला की हातातून बारीकसा प्रवाह जातो आणि तो पेटतो. कोरड्या हाताला नखरे करतो, म्हणून तीर्थ.

तिनं हे सांगितलं, महाराजांचंच लिंबू कापलं, लांब जिन्यात नेलं आणि त्यावर बल्बाचं बूड टेकवलं. बल्ब पेटला.

“हे लिंबू अमेरिकेत कुणाशी बोलतंय?”

लिंबू खांबापाशी बसून बाधलंय, असं महाराज म्हणाले. ज्ञानू भाबडेपणानं खाली जाऊन घरचं लिंबू घेऊन आला. त्यावरही पेटला. त्यानं बल्ब उचलला, टेकवला, पुन्हा उचलला.

“ह्यात बॅटरी हाय व्हय, महाराज?”

महाराजांना एकाएकी मोहोळची बस आठवली.

“खांब राहू दे म्हणतीस?” सुंदरम्मांनी विचारलं.

“उपटा खुशाल, तो माझा नाही. माझी अँटेना ही तार.”

तारेजवळची माणसं टुणकन मागं सरली. धम्मप्रियानं कपाळावर हात मारून घेतला.

“माझ्यावरही विश्वास ठेवू नका,” ती म्हणाली. “तार सोडून ठेवते. तुम्ही डॉक्टरकडे जा. चक्कर थांबली की तार परत जोडू आणि बघू. कोणी काहीही दाखवलं, तरी ते आधी घरच्या लिंबावर करून बघत जा.”

सुंदरम्मा गोळी दिवसाआड घेत होत्या, हे डॉक्टरांना पाच मिनिटांत कळलं. रोज घेऊ लागल्यावर चक्कर थांबली. तार पुन्हा जोडली, तरी चक्कर आली नाही. खुशीत धम्मप्रिया गच्चीवर गेली, तर तारेवर टोकापासून टोकापर्यंत चादरी.

“बाधा नाही ना हिच्यात?” सुंदरम्मा म्हणाल्या. “तूच सिद्ध केलंस की.”