विनायकराव आहेत का?

रविवारी सकाळी आमच्याकडे पोहे आणि फोन एकदमच होतात. कढईत मोहरी तडतडली की फ्रीजवर ठेवलेला बाबांचा फोन वाजतो. आई गॅस बारीक करते, ओढणीला हात पुसते, फोन उचलते आणि तिकडून कुणीतरी अगदी गोड आवाजात विचारतं, “विनायकराव आहेत का?”

विनायकराव म्हणजे माझे बाबा. ते दोन वर्षांपूर्वी वारले. आई तसं सांगते. तिकडचा माणूस “अरेरे” म्हणतो, मग काय झालं होतं ते विचारतो. आई तेही सांगते, हार्टचं होतं, झोपेतच. मग तो घसा खाकरून मुद्द्यावर येतो, “बरं, गंधालीचं कुठे जमलं का?” तोवर पोह्यांचा गोळा झालेला असतो आणि आईचा चेहरा असा झालेला असतो की पोह्यात मीठच नाही हे मी तिला सांगत नाही. तसेच खाते.

गंधाली ही माझी ताई. ती धमतरीला जनावरांची डॉक्टर आहे आणि तिला सध्या लग्न करायचं नाही, हे ती कुणी न विचारताही ज्याला त्याला सांगते. पण ती कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला असताना बाबा आमच्या मराठी मंडळाच्या वधू-वर मेळाव्याला गेले, तिथे त्यांचे दोन मित्र आपापल्या मुलींची नावं नोंदवत होते, म्हणून बाबांनीही हिचं नोंदवलं. घरी आल्यावर ताई त्यांच्याशी आठवडाभर बोलली नाही. मग ती विसरली. बाबाही विसरले. मंडळ विसरलं नाही. मंडळ दरवर्षी स्थळांची सूची छापतं, ती नागपूर, जबलपूर, भिलाई सगळीकडे जाते, आणि त्या सूचीत माझी ताई अजून दुसऱ्या वर्षालाच आहे. संपर्क, श्री. विनायक वझलवार. खाली बाबांचा नंबर.

“तो फोनच बंद कर ना,” मी आईला कितीदा म्हटलं असेल. पण गॅसचं बुकिंग त्याच नंबरवर, बँकेचा ओटीपी त्याच नंबरवर, माझ्या शाळेचे मेसेजही त्यावरच. फोन बंद केला तर घर बंद पडेल. ताईने मंडळात दोनदा फोन केला होता, नाव काढा म्हणून. दोन्ही वेळा उत्तर एकच, पालकांनी यावं. आई म्हणायची, “जाऊ दे गं, आपल्या हातचं काय आहे.”

मीही जाऊ दिलं असतं. पण एका रविवारी दुर्गच्या एका गृहस्थांनी सगळी चौकशी केली आणि शेवटी आईला म्हणाले की हे तुम्ही मंडळाला कळवायला पाहिजे होतं, आमचा उगीच वेळ गेला. आणि आई त्यांना म्हणाली, “माफ करा.”

आईने माफी मागितली. आईने.

मी अकरावीत आहे. गेल्या वर्षीपर्यंत मोठ्या माणसांशी बोलायचं असलं की मी आईच्या मागे उभी राहायचे. मग शाळेच्या गॅदरिंगला निवेदन करायला कुणी मिळेना, म्हणून मॅडमनी मला स्टेजवर ढकललं, आणि माइक हातात आल्यावर मला कळलं की आवाज मलाही आहे. तेव्हापासून आई म्हणते, हिचं बंद करायचं बटण कुणीतरी शोधा. तर त्या शनिवारी शाळा सुटल्यावर मी तडक बूढापाऱ्यात गेले, मंडळात.

मंडळाचं ऑफिस गल्लीत वरच्या मजल्यावर आहे. एक टेबल, दोन लोखंडी कपाटं आणि शिशिरकाका. काका मंडळाचे सचिव आहेत. बाबांच्या पहिल्यापासून ओळखीचे, होळीला आमच्याकडे येऊन पुरणपोळी खाऊन जाणारे.

“अगं, इरावती! ये, ये. किती मोठी झाली पोट्टी. आई कशी आहे?”

“आई वैतागली आहे काका. ताईचं नाव सूचीतून काढायचं आहे.”

“वा, जमलं का? पेढे कुठे आहेत?” त्यांनी खरंच माझ्या हाताकडे बघितलं.

“जमलं नाही. जमवायचंच नाही आहे. नुसतं नाव काढायचं आहे.”

काकांनी चष्मा काढला. मग त्यांनी मला उजवं कपाट उघडून दाखवलं, जसं काही मी सहलीला आले आहे. वरच्या खणावर चिठ्ठी, ‘चालू’. खालच्या खणावर चिठ्ठी, ‘जमले’. लग्नपत्रिका आणून दिली की फाइल वरून खाली येते. पत्रिका फाइलला टाचतात.

“आणि ज्यांना नको असेल ते?”

“असं कोणी म्हणत नाही.”

“मी म्हणून राहिली आहे ना.”

“तू नाही म्हणू शकत. ज्याने नोंद केली त्याचीच सही लागते.” मग माझं तोंड बघून ते जरा नरमले. “हे बघ, नियम उगीच नाही केला. एकदा एका मुलीच्या काकाने भावाशी भांडण झालं म्हणून पुतणीची फाइलच काढून नेली. वर्षभर तिच्या बापाला पत्ता नाही, स्थळं काहून येत नाहीत म्हणून रडून राहिला. तेव्हापासून ठरलं. बाप नोंदवेल, बापच काढेल.”

हे मला पटलं, तोच तर वैताग. नियमाला कारण निघालं की भांडायला मजा येत नाही.

“काका, पण बाबा नाहीत.”

“माहीत आहे गं मला.” त्यांचा आवाज खरंच खाली गेला. “पण फाइलला माहीत नाही ना. फाइलला मृत्यूचा दाखला लागतो.”

“तुम्ही शोकसभा घेतली होती. इथेच, खालच्या हॉलमध्ये.”

“घेतली ना.” काका उठले, डावं कपाट उघडलं आणि क्षणात, अगदी क्षणात, एक फाइल काढून माझ्यापुढे ठेवली. ‘मंडळाचे आजीव सभासद कै. विनायक वझलवार यांच्या निधनाबद्दल ही सभा तीव्र दुःख व्यक्त करते.’ खाली काकांची सही. अक्षर मोत्यासारखं. “ठराव मीच लिहिला. बघ, एक काना इकडचा तिकडे नाही.”

“मग झालं की. हाच दाखला.”

“नाही नाही. हे सांस्कृतिक विभागाचं कपाट आहे. ते विवाह विभागाचं.”

मी दोन्ही कपाटांकडे बघितलं. मध्ये एक झाडू मावेल एवढी जागा होती.

“विवाह विभाग कोण बघतं?”

“मीच.”

“आणि सांस्कृतिक?”

“ते पण सध्या माझ्याकडेच आहे.”

मी दप्तरातून दोन पाकिटं काढून टेबलावर ठेवली. हे मी घरून ठरवून आणलं होतं. दोन्हींवर मंडळाचा शिक्का, दोन्हींवर तेच मोत्याचं अक्षर, दोन्ही एकाच महिन्यात आलेली. एकात आईला सांत्वनाचं पत्र. दुसऱ्यावर लिहिलेलं, श्री. विनायक वझलवार यांस, आणि आत वधू-वर मेळाव्याचं निमंत्रण, आपली उपस्थिती प्रार्थनीय.

काकांनी दोन्ही पाकिटं उलटसुलट करून पाहिली. बराच वेळ पाहिली. मला वाटलं, जिंकले.

“ठरावाची प्रत विवाह विभागाकडे यायला पाहिजे,” काका म्हणाले. “तसा अर्ज कर.”

“कुणाला?”

“सचिवांना.”

मी ‘सचिव कोण’ हे विचारलं नाही, कारण उत्तर ऐकून मला काय झालं असतं ते सांगता येत नाही. अर्ज लिहिला. काकांनी तो घेतला, आवक रजिस्टरात चढवला, ठरावाची झेरॉक्स आणायला मला खालच्या दुकानात पाठवलं, ती जावक रजिस्टरात चढवली, मग स्वतःच सही करून स्वतःकडून स्वीकारली आणि परत आवक रजिस्टरात चढवली. हे सगळं ते इतकं मन लावून करत होते की मला हसूही येईना. माझ्या डोळ्यांपुढे एकच चित्र होतं, आई गॅस बारीक करते आहे.

“आता फक्त खात्री,” काका म्हणाले आणि त्यांनी आपला मोबाइल उचलला. “नोंदीत जो नंबर आहे त्यावर फोन करून विचारावं लागतं. शेवटचं आहे हे.”

“काका, नका करू.”

“अगं, प्रोसिजर आहे.”

“काका, तो फोन आईकडे असतो.”

पण ते फाइलमधला नंबर बोटाने धरून एकेक आकडा दाबत होते, आणि असं काही करताना त्यांना दुसरं ऐकू येत नाही. तसंही त्यांना कमी ऐकू येतं, म्हणून त्यांचा फोन कायम स्पीकरवर असतो. रिंग गेली. एकदा, दोनदा. मी पंख्याकडे बघत बसले.

“हॅलो?” आईचा आवाज खोलीभर झाला.

“नमस्कार, मंडळातून बोलतो आहे,” काका फाइलवरून नजर न काढता म्हणाले. “विनायकराव आहेत का?”

आणि मग त्यांना ऐकू आलं, आपण काय बोललो ते. बोट नंबरवरच राहिलं.

तिकडे कुकरची शिट्टी झाली.

“शिशिरभाऊजी ना?” ती म्हणाली. “ते नाहीत भाऊजी. शोकसभेत सगळ्यांत शेवटी तुम्हीच बोलला होतात. ह्यांच्या त्या घोड्यासारख्या अडून बसणाऱ्या स्कूटरचा किस्सा सांगितला होता. मी पहिल्या रांगेत होते.”

“वहिनी, मी...”

“दर रविवारी सांगते मी लोकांना. आज शनिवारीच सांगून टाकलं, एवढंच. इरा आहे का तिथे? भांडून राहिली असेल. तिला म्हणावं, येताना गोल बाजारातून कोथिंबीर आण. आणि पिवळी पडलेली आणू नको.”

फोन ठेवल्याचा आवाज झाला. काका चष्मा पुसू लागले. चष्मा स्वच्छच होता. मला त्यांची दया यायला लागली होती आणि त्याचाही राग येत होता, कारण मी तयारी भांडायची केली होती, दयेची नाही.

मग त्यांनी एकदम पेन उचललं, नोंदणीचं रजिस्टर ओढलं आणि ताईच्या नावाच्या ओळीत, ‘बंद करण्याचे कारण’ या रकान्यात, ‘नि’ लिहिलं.

“काका, काय लिहिता आहात?”

“निधन. इथे दोनच लिहितो आम्ही, विवाह किंवा निधन.”

“ताईच्या नावापुढे?”

काकांनी त्या ‘नि’कडे बघितलं आणि दचकून पेन मागे घेतलं. “खरंच की. मग काय लिहू? तिसरं काही लिहिलंच नाही कधी.”

मी ताईला फोन लावला, काकांसाठी स्पीकरवर. तिने उचलला तेव्हा मागे कुणीतरी तिकडच्या बोलीत “ए दीदी, पकड़ के रखे हन” म्हणत होतं.

“पटकन बोल, गाय अडली आहे.”

“मंडळात आहे. तुझं नाव काढतो आहोत. कारण काय लिहायचं?”

“मला नको, हे कारण. आणखी काय? ठेव.”

काकांनी ऐकलंच होतं. त्यांनी ‘नि’वर सरळ रेघ मारली, शेजारी बारीक सही केली आणि लिहिलं, ‘मुलीची इच्छा नाही.’ लिहून झाल्यावर ते वाक्य त्यांनी दोनदा वाचलं. मग फाइल घेऊन उजव्या कपाटापुढे उभे राहिले. वर ‘चालू’, खाली ‘जमले’. फाइल वर नेली, खाली नेली, आणि शेवटी कपाटाच्या डोक्यावर ठेवून दिली.

“आता नाही ना येणार फोन?” मी विचारलं.

“नव्या सूचीत नाव नसेल.”

“आणि जुन्या सूच्या?”

“त्या तर वाटल्या गं सगळीकडे. त्या आता कशा परत आणायच्या?”

मी कोथिंबीर घेतली आणि घरी आले. आईला सगळं सांगितलं. ती ‘बरं केलंस’ म्हणाली नाही, कोथिंबीर मात्र तीनदा उलटून बघितली.

रविवारी मोहरी तडतडली आणि फोन वाजला. जबलपूरचे कुणी होते. आवाज गोड. “विनायकराव आहेत का?” मी फोन हिसकावून घ्यायला उठले, पण आईने मला हातानेच थांबवलं. तिने गॅस बारीक केला नाही.

“तुमच्याकडची सूची जुनी आहे,” आई म्हणाली. “चौकशी आता मंडळाच्या सचिवांकडे असते. नंबर लिहून घ्या.” आणि शिशिरकाकांचा नंबर तिने पाठ सांगितला. पुढच्या फोनलाही तेच, त्याच्या पुढच्यालाही. त्या दिवशी पोहे मोकळे झाले होते, मीठही होतं.

असे तीन रविवार गेले. चौथ्या रविवारी फोन वाजला तेव्हा आईचे हात ओल्या खोबऱ्याने भरलेले होते, म्हणून मी उचलला.

शिशिरकाका होते. भयंकर वैतागलेले.

“इरा, काय करून राहिली तुझी आई? सकाळपासून तिघांना सांगितलं मी, विनायक नाही म्हणून. प्रत्येक जण विचारतो काय झालं होतं. परत परत तेच.” ते थांबले. “दोन्ही कपाटं काढून बसलो आहे काल रात्रीपासून. शोकसभेच्या फाइली एकीकडे, चालू एकीकडे. तुमच्या एकट्यांच्याच घरचं नाही गं हे, वारलेले बाप अजून कितीतरी चालू फाइलींत आहेत. गावोगावच्या मंडळांना दुरुस्तीचं पत्र टाकायचं आहे. शनिवारी येतेस का? तू नावं वाच, मी लिहितो.”

“तिसरा खण करणार असाल तर येते.”

“केला. चिठ्ठीवर काय लिहायचं तेवढं सुचत नाही आहे.” मग त्यांनी घसा खाकरला आणि एकदम परक्या माणसासारखं, फार जपून विचारलं, “मीनलवहिनी आहेत का?”

“आहे,” मी म्हटलं. “पण पोहे करून राहिली आहे. थांबा जरा.”