दस्तगीरची गिरणी

“इंजन कौन चलाता है?” हिंगोलीच्या कचेरीसमोर लिंबाखाली बसलेल्या अर्जनवीसाने बोरू थांबवून विचारले आणि किसनरावांनी उगाच पटका सारखा केला.

जवळा बाजार गावातली त्यांची पिठाची गिरणी नुकतीच गल्लीतून बाजाराच्या रस्त्यावर आली होती. जागा बदलली की कचेरीत नोंद नव्याने करावी लागे, तीही सरकारी कारभाराच्या उर्दूत. पत्ता, मालक, इंजिन चालवणारा, सगळे पुन्हा लिहायचे. दहा वर्षे मालक म्हणून दोन नावे होती. जागा आणि जाते किसनरावांचे, इंजिन दस्तगीरचे. कापसाच्या जिनिंगवाल्यांनी भंगारात काढलेले ते धूड त्याने महिनाभर खपून जिवंत केले होते. इंजिनाला सोडून दस्तगीर कुठे हलत नसे, म्हणून कचेरीचे काम किसनरावांकडे. किसनराव निघाले की तो इंजिनाच्या काजळीत अंगठा बुडवून कोऱ्या कागदावर उमटवी आणि म्हणे, “लिवा तुमी काय लिवायचं ते, किसनभाऊ.”

पण गाव मेलं गिरणीला म्हणे ‘दस्तगीरची गिरणी’! धुराच्या नळीवर त्याने एक पत्र्याचा डबा बांधला होता. तो पुक-पुक वाजू लागला की ओढ्यापलीकडच्या बायकासुद्धा टोपल्या घेऊन निघत. “दस्तगीरभाऊ, बारीक दळा बरं!” ओट्यावर पटका बांधून बसलेले किसनराव कुणाच्या खिजगणतीत नसत. त्यांचा नुसता जळफळाट होई. आज सकाळी तर भाकरी बांधून देताना रूपाबाई म्हणाल्या होत्या, “दस्तगीरभाऊला इचारून जावा, कागद बराबर हायेत का.” स्वतःच्या बायकोने असे म्हणावे! ती भाकरी त्यांनी वाटेत बैलापुढे टाकली.

“अरे भाई, कौन चलाता है?”

“मीच,” किसनराव म्हणाले.

“और मालिक?”

“मीच. एकटाच.”

अंगठ्याचा कागद घडी घालून त्यांनी खिशात सरकवला. परतताना लाज वाटायला हवी होती, पण खरे सांगायचे तर त्यांना फार गोड वाटत होते.

आठ दिवसांनी नव्या जागेची तपासणी करायला इन्स्पेक्टर आला. दारात दळणाच्या बायका बसल्या होत्या. त्याने कागद उघडून मोठ्याने वाचले. “मालिक, किसनराव. इंजन चलानेवाला, किसनराव. चलो, चलाकर दिखाओ. दूसरा कोई हाथ नहीं लगाएगा.”

दस्तगीर हातातल्या चिंधीने बोटे पुसत उभा होता. त्याने किसनरावांकडे एकदाच पाहिले. मग तो बाजूला सरकला.

किसनरावांनी दिवा पेटवला, तापवायला इंजिनाच्या डोक्याखाली धरला, चाकाला हात घातला. दहा वर्षे ते दस्तगीरकडे टक लावून बघत होते, पण त्याच्या हातांकडे त्यांनी कधी पाहिले नव्हते. चाक अर्धे फिरले आणि असे उसळून मागे आले की किसनराव पटक्यासकट पिठात बसले. बायकांनी तोंडाला पदर लावले.

“झूठा लिखाया?” इन्स्पेक्टर गरजला. “परवाना रद्द! ताला लगाओ!”

किसनराव पिठातून उठू लागले. तेवढ्यात दस्तगीर पुढे झाला.

“साहब, मालिक का हाथ दुखता है. मैं नौकर हूँ इनका. ये बताते हैं, मैं हाथ लगाता हूँ.” मग तो किसनरावांकडे वळला. “सांगा मालक, डोकं अजून तापवू का?”

“व्हय,” किसनराव कसेबसे म्हणाले.

“आता चाक आधी उलटं झुलवू?”

“व्हय.”

“सोडू?”

“सोड.”

नळीवरचा डबा पुक-पुक वाजू लागला. “हुकुम तो मालिक का ही है,” इन्स्पेक्टर मिशीत हसला. मग त्याने कागदावर सही ठोकली आणि तो निघून गेला.

दुपारी चहा आला. रोज दोघे पोत्यांच्या थप्पीवर मांडीला मांडी लावून चहा पीत. आज दस्तगीरने आपला कप उचलला आणि उंबऱ्याबाहेर जाऊन उभ्यानेच पिऊ लागला.

“आत ये की,” किसनराव म्हणाले.

“हितंच बरं हाय.”

किसनरावांनी खिशातला कागद काढला. घडीवर काजळी पसरली होती, तरी अंगठा स्पष्ट दिसत होता. “चुकलं माझं, दस्तगीर. माझी बुद्धी फिरली. उद्याच हिंगोलीला जातो अन् तुझं नाव घालून येतो.”

दस्तगीरने कागद घेतला, बघितला, परत दिला. त्याच्या चेहऱ्यावर राग असता तर किसनरावांना सोपे गेले असते.

“कशाला तकलीफ घेता? नोंद बराबर हाय, मालक.”

तेवढ्यात म्हातारी सखुबाई डोक्यावर जवारीची टोपली घेऊन आली. नेहमीसारखी ती दस्तगीरपुढेच थांबली. “भाऊ, घाई हाय रे. माझं दळण आदी टाकतो का?”

दस्तगीरने कप विसळून उंबऱ्यावर पालथा घातला.

“मालकाला इचारा, मावशी.”

सखुबाई वळली आणि किसनरावांकडे बघू लागली. दहा वर्षे त्यांनी याचीच वाट पाहिली होती. हातात तो काजळीचा कागद धरून ते नुसते उभे राहिले.